एका बादलीचं बिल

बाइंडरबाईंना दिवसाला एक बादली पाणी पुरत असे. अर्धी बादली खळ शिजवायला, उरलेल्यात ब्रश आणि हात धुवायचे, आणि तळाशी राहिलंच तर दुकानाच्या दारात शिंपडायचं. एकोणीस वर्षं त्या त्याच जागेत पुस्तकं बांधत होत्या. शाळांची हजेरीबुकं, वकिलांची कागदपत्रं, ग्रंथालयातली पानं सुटलेली जाडजूड पुस्तकं, सगळं त्यांच्या हाताखालून जाई. पानांचे गठ्ठे एकेक करून शिवायची ती जुजबंदी शिलाई घालावी तर बाईंनीच, असं गिऱ्हाइकं म्हणत, आणि बाई ते खोटं आहे असं कधी म्हणत नसत.

अशा बाईंच्या नावावर पाणी कंपनीने गेली तीन वर्षं जे बिल फाडलं होतं, त्यात रोजच्या शंभरावर बादल्या मोजलेल्या होत्या. एवढ्या पाण्यात अख्ख्या गल्लीची आंघोळ होऊन वर कपडेही निघाले असते. बाईंनी पहिल्याच महिन्यात तक्रार केली. कंपनीने लिहिलं, गळती असावी. दुकान कोरडं ठणठणीत होतं, ओली जागा शोधून मुंगीदेखील दमली असती. बाईंचा थोरला भाऊ, दादा, परवानाधारक प्लंबर. आता साठीला आलेला, पण हात अजून तसाच पक्का. त्याने येऊन सगळे नळ तपासले आणि सांगितलं की गळती नाही, मीटरच बिघडलाय. या ओळीतल्या पाचही दुकानांची जोडणी अकरा वर्षांपूर्वी त्यानेच केली होती, त्यामुळे जोडणीत चूक असेल हा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही. मग कंपनीने मीटर काढून नेला, तपासला, उत्तम चालतो असा शेरा मारून परत बसवला आणि तपासणीचा खर्च बाईंच्याच बिलात घातला.

इथे बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती आजतागायत खाली उतरलेली नव्हती. त्यांनी ठरवलं, जेवढं वापरलं तेवढ्याचे पैसे देईन, वर एक दमडी नाही. पूर्वी जेवढं बिल यायचं तेवढी रक्कम त्या दर महिन्याला, तारीख न चुकवता, खिडकीवर भरत राहिल्या. कंपनीने त्या रकमेला ‘अंशतः भरणा’ असं नाव दिलं आणि बाईंना थकबाकीदार ठरवलं. दोऱ्याचं रीळसुद्धा कधी उधारीवर न आणणाऱ्या बाई थकबाकीदार झाल्या, आणि हे त्यांना कोणी सांगितलंही नाही.

त्यांना ते बँकेत कळलं. दुकानांच्या मालकाने सगळी ओळ विकायला काढली होती. भाडेकरूंना पहिला मान दिला होता, पण महिनाअखेरपर्यंतच. त्यानंतर कोणी एक व्यापारी पाचही गाळे एकदम घेऊन तिथे कसलंसं मोठं शोरूम करणार होता. बाईंकडे निम्मे पैसे साठलेले होते, निम्म्याचं कर्ज हवं होतं. कर्जाच्या टेबलावरच्या मुलीने कागद बघितले, मान डोलावली, मग स्क्रीन बाईंकडे वळवला. त्यावर लाल रंगात एक आकडा होता. तो बाईंचा क्रेडिट स्कोअर होता, आणि तो पाहून कोणी त्यांना सायकलसुद्धा हप्त्यावर दिली नसती.

बाईंनी सगळी हकीकत सांगितली. मुलीने शांतपणे ऐकून घेतली. ती वाईट नव्हती, पण तिच्यासमोरच्या चौकटीत हकीकत भरायला जागाच नव्हती. पाणी कंपनीकडून दुरुस्तीचं पत्र आणा, मग बघू, असं ती म्हणाली. आज एकवीस तारीख होती.

बाई तिथून थेट पाणी कंपनीत गेल्या. जाताना त्यांनी आपली तक्रारवही नेली. वही म्हणजे, तीन वर्षांत लिहिलेल्या एकेचाळीस पत्रांच्या प्रती त्यांनी तारीखवार लावून, शिवून, काळ्या कापडात बांधल्या होत्या. शिवण इतकी घट्ट की पान निखळायची बात नको. खिडकीवरच्या कारकुनाने ती हातात घेऊन कौतुकाने उलटसुलट केली आणि म्हणाला की हे स्कॅनरमधून जाणार नाही, सुटी पानं द्या. बाई म्हणाल्या, कापून देणार नाही. कारकून म्हणाला, मग तक्रार दाखल होणार नाही. बाईंनी वही पिशवीत परत घातली. तक्रार दाखल झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी एक वेगळाच निश्चय केला. एवढं पाणी वापरतच नाही म्हणते ना मी, मग नकोच मला पाणी. कॉक बंद करून टाकायचा, वर गाठ मारायची, आणि बादली घरून आणायची. त्यानंतर बिल कुठून काढतात ते बघते.

पाचही दुकानांच्या मागे एक बोळ होता, कचऱ्याच्या डब्यांचा आणि सांडपाण्याच्या नळ्यांचा. तिथे सहसा कोणी फिरकत नसे. मीटर तिथेच भिंतीवर ओळीने बसवलेले होते. बाईंनी नाकाला पदर लावला, बिलावरचा नंबर जुळवून आपला मीटर शोधला आणि त्याखालचा कॉक दोन्ही हातांनी फिरवून बंद केला. मग मेणाचा दोरा काढून त्यावर आपली ती खास गाठ मारली, जी सोडवायची म्हणजे कापावीच लागते. सूड घेतल्याचं समाधान घेऊन त्या दुकानात परत आल्या.

दहा मिनिटांनी शेजारच्याच्या शेजारचा लाँड्रीवाला धावत आला. त्याच्या तिन्ही मशीन साबणाचा फेस पोटात घेऊन गप्प झाल्या होत्या. पाणी गेलं. तुमच्याकडे आहे का, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, माझ्याकडे कुठून असणार, आत्ताच मी माझं बंद केलंय. बोलता बोलता सवयीने त्यांनी खळीचा हात धुवायला नळ सोडला. नळाला धो धो पाणी आलं.

दोघेही त्या नळाकडे बघत राहिले.

बाईंनी नळ बंद केला, पुन्हा सोडला. मग कात्री घेतली, बोळात गेल्या, दोरा कापला आणि कॉक उघडला. लाँड्रीतून मशीन घरघरल्याचा आवाज आला. तेवढ्या एका आवाजात बाईंना तीन वर्षांचं सगळं कळलं. लाँड्री आली होती तीनच वर्षांपूर्वी. त्याआधी त्या गाळ्यात फोटोंच्या चौकटी बनवणारा होता, त्याला बाईंपेक्षाही कमी पाणी लागे, म्हणून आठ वर्षं कोणाला काही उमगलं नव्हतं.

लाँड्रीवाल्याला त्यांनी विचारलं की महिन्याला तीन मशीन चालवून बादलीभर पाण्याचं बिल येतं, याचं तुम्हाला कधी नवल वाटलं नाही का. तो म्हणाला, मशीन विकणाऱ्याने सांगितलं होतं की ही पाणी वाचवतात. हे त्याने इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं की बाईंना त्याला बदडावं की त्याच्या मशीनचं अभिनंदन करावं, कळेना. वर त्याने हेही सांगून टाकलं की बिलं वेळेवर भरल्यामुळे त्याचा स्कोअर उत्तम आहे, आणि त्याच स्कोअरवर बँकेने त्याला तिसऱ्या मशीनचं कर्ज दिलं. म्हणजे बाईंचं बिल भरून त्याची पत वाढली, त्या जोरावर मशीन आली, आणि त्या मशीनचं पाणी बाईंच्या नावावर चढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशाकडून दोराचेही पैसे घेत होते.

बाईंनी दादाला फोन केला. त्यांचा आवाज आनंदाने चढलेला होता. चूक सापडली, आता या कंपनीला दाखवते, असं त्या म्हणाल्या.

दादा अर्ध्या तासात आला. बोळात उभा राहून त्याने मीटरकडे पाहिलं आणि बोटाने मोजलं, डावीकडून, एक, दोन, तीन, चार, पाच. मग तो बोळातून बाहेर पडला, ओळीला वळसा घालून रस्त्यावर गेला आणि दुकानांसमोर उभा राहून पुन्हा डावीकडून मोजू लागला. किल्लीवाला एक, बाइंडरबाई दोन, चष्मेवाला तीन, लाँड्री चार, सायकलवाला पाच. त्याचं बोट लाँड्रीवर थबकलं. तो परत बोळात आला आणि एका पालथ्या क्रेटवर बसला.

“चिमे,” तो म्हणाला, “मी हे सगळं इथून केलं गं. पाठीकडून.”

बाईंच्या आधी लक्षात आलं नाही. मग आलं. पुढून जो दुसरा, तो मागून चौथा. पाइप जमिनीतून मागच्या बाजूने येत होते, म्हणून दादा आठवडाभर बोळातच काम करत होता, आणि डावीकडून एक ते पाच मीटर त्याने बोळात भिंतीकडे तोंड करून लावले होते. दुकानांचे नंबर मात्र रस्त्यावरून होते. मधला चष्मेवाला बरोबर राहिला, बाकीचे चौघे उलटेपालटे झाले. किल्लीवाला आणि सायकलवाला दोघांनाही सारखंच थेंबभर पाणी लागे, म्हणून त्यांना पत्ता नव्हता. आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून काम करणाऱ्या माणसालाच अशी चूक होऊ शकते.

तीन वर्षं ज्याच्यावर दात खाल्ले तो माणूस समोर क्रेटवर बसला होता, आणि लहानपणी तोच त्यांना शाळेत सोडायला यायचा. आपलेच दात, आपलेच ओठ. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या की चूक कोणाची का असेना, जोडणी झाल्यावर कंपनीचा माणूस तपासायला आला होता ना, त्याने काय तपासलं. दादाने सांगितलं, तो साहेब बोळात आलाच नव्हता. वास येतो म्हणून चष्मेवाल्याच्या दुकानात खुर्चीवर बसला, एक ते पाच ओळीनेच आहेत ना असं विचारलं, दादा हो म्हणाला, आणि साहेबाने कागदावर सही केली. बाईंना पुन्हा राग आला, आणि तो राग परत आल्याचं त्यांना बरं वाटलं.

दोघंही कंपनीत गेली. या वेळी तपासनीस लगेच आला, कारण आता सांगण्यासारखं काहीतरी होतं. त्याने कॉक फिरवून पाहिले, मान हलवली, आणि खिडकीवर आल्यावर एक फॉर्म पुढे केला. बिल दुरुस्त होईल, स्कोअरवरचा शेरा निघेल, बँकेला पत्रही दोन दिवसांत मिळेल. फक्त एक रकाना भरायचा होता. दोष कोणाचा. त्यापुढे तीन चौकोन होते: ग्राहकाचा, ग्राहकाने नेमलेल्या कारागिराचा, अनाकलनीय. कंपनीचा असा चौकोनच नव्हता. बाईंनी फॉर्म उलटून मागेही बघितलं, तिथेही नव्हता.

अनाकलनीय लिहिलं तर काय होईल, असं बाईंनी विचारलं. कारकून म्हणाला की मग तांत्रिक समिती बसेल, चार महिने लागतील. कारागिराचा लिहिलं तर त्याची कबुली आणि परवाना क्रमांक जोडायचा, काम दोन दिवसांत. परवान्याचं काय होईल, असं दादाने विचारलं. एक वर्षासाठी निलंबित, असं कारकून म्हणाला, पेन पुढे करत.

बाईंनी फॉर्म घडी करून पिशवीत घातला आणि दादाच्या बाहीला धरून त्याला बाहेर आणलं. साठीच्या प्लंबरचा परवाना एक वर्ष बंद म्हणजे कायमचाच बंद. त्याची गिऱ्हाइकं तोवर दुसरीकडे जाणार, आणि घरात वहिनीच्या गुडघ्यांच्या औषधांचा खर्च तर सुरूच. बाई म्हणाल्या, समिती बसू दे. दादा म्हणाला, दुकान जाईल. बाई म्हणाल्या, जाऊ दे, भाड्याने दुसरं बघीन. हे म्हणताना त्यांना माहीत होतं की त्यांचं अवजड दाबयंत्र पेलेल असा गाळा या भाड्यात शहरात दुसरा नाही. दादालाही ते माहीत होतं, कारण ते यंत्र त्या दुकानात चढवायला त्यानेच खांदा दिला होता. त्याने नुसती मान हलवली, आणि बाईंना वाटलं की त्याने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई त्याच्या घरी गेल्या, पुन्हा एकदा बजावून यावं म्हणून. दार वहिनीने उघडलं. तिचे डोळे लाल होते.

“वन्सं, ते इस्त्रीचा शर्ट घालून गेलेत,” ती म्हणाली. “कालपासून माझ्याशी बोललेले नाहीत. तुम्ही त्यांना जा म्हणालात का?”

बाई तिथून धावतच निघाल्या. कंपनीच्या दारात पोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती. दादा खिडकीवर नव्हता. तो आत, काचेच्या केबिनमध्ये, एका मोठ्या टेबलापुढे उभा होता. टेबलामागे विभागप्रमुख होते, केस पिकलेले, चष्मा नाकावर. दादाची कबुली त्यांच्यापुढे होती आणि त्यावर सही आधीच झालेली होती. बाई दारातच थांबल्या.

विभागप्रमुख समजावून सांगत होते की निष्काळजीपणामुळे ग्राहकाला त्रास होतो, कंपनीची बदनामी होते, अशा कारागिरांवर कारवाई करावीच लागते. दादा ऐकून घेत होता. मग त्याने टेबलावरचा अकरा वर्षांपूर्वीचा तपासणीचा कागद स्वतःकडे वळवला. त्यावर ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ असं छापलं होतं आणि खाली सही होती. नव्या कागदावर निलंबनाच्या आदेशाखाली जी सही होती, तीच.

“मी मागून मोजलं, साहेब,” दादा म्हणाला. “तुम्ही मोजलंच नाही.”

विभागप्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्याचा इथे संबंध येत नाही असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. दादाने परवान्याचं कार्ड खिशातून काढून टेबलावर ठेवलं. त्याच्या कडा पाण्याने फुगलेल्या होत्या.

बाहेर आल्यावर बाई त्याच्यावर इतक्या ओरडल्या की रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. तू कोण लागून गेलास, माझं दुकान, माझं बिल, तुला कोणी सांगितलं होतं मोठेपणा करायला. दादा म्हणाला की चूक माझी होती. बाई म्हणाल्या, तुझी निम्मी होती. तो म्हणाला, माझी निम्मी मी भरली, त्यांची निम्मी तू वसूल कर. मग तो बसथांब्याकडे चालू लागला, आणि त्याच्या हातात अवजारांची पिशवी नाही हे बाईंच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

दोन दिवसांनी पत्र बँकेत पोचलं. लाँड्रीवाल्यालाही एक पत्र गेलं होतं. मागचं पाणी त्याने सवलतीच्या हप्त्यांत भरायचं होतं, आणि चूक त्याची नसल्यामुळे त्याच्या स्कोअरला धक्का लागणार नव्हता. त्याने हे बाईंना आनंदाने येऊन सांगितलं. बाईंनी त्याच्या तोंडावर दार लावलं.

कर्जाच्या टेबलावरची मुलगी या वेळी हसून उठली. स्क्रीनवरचा आकडा आता हिरवा होता. तुमच्या नावावर आता काहीही डाग नाही, कोणाची तरी चूक होती, तुम्हाला उगाच त्रास झाला, असं म्हणत तिने छापील अर्ज पुढे केला. ‘कोणाची तरी’ हे ऐकून बाईंच्या हातातलं पेन थांबलं. तीन वर्षांत या सगळ्या कारभारात खोटं सगळ्यांनी लिहिलं होतं. न बघता बघितलं म्हणून लिहिलं, न गळता गळती म्हणून लिहिलं, भरलेल्याला थकलेलं म्हणून लिहिलं. खरं एकाच माणसाने लिहिलं, आणि शिक्षा त्यालाच झाली.

बाईंनी अर्ज परत सरकवला आणि दुकान दोन नावांवर घ्यायचंय असं सांगितलं. दुसरं नाव त्यांनी दादाचं दिलं. मुलीने ते संगणकात घातलं आणि तिचा चेहरा उतरला.

“यांचा परवाना निलंबित दिसतोय,” ती हळूच म्हणाली. “उत्पन्न नाही धरता येणार. यांचं नाव घातलं तर तुमचं व्याज वाढेल. तुमचं एकटीचं अगदी स्वच्छ आहे.”

“माझं स्वच्छ आहे ते त्याच्यामुळे,” बाई म्हणाल्या. “वाढू दे व्याज. आणि त्याचं नाव आधी घाला.”

मुलीने नवा अर्ज छापला. बाईंनी आपल्या जागी सही केली, दादाच्या सहीची जागा मोकळी ठेवली आणि कागद पिशवीत घातला. त्याला त्यांनी अजून विचारलं नव्हतं. तो नाही म्हणाला, तर त्याच्याशी भांडायचीही त्यांची पुरती तयारी होती.